नमुने एकशेवीस, झाड एकच

मी मुळात संख्याशास्त्राची. बेडूक कापावा लागू नये एवढ्याच कारणाने अकरावीत जीवशास्त्र सोडलं, ठाण्यातच बी.एस्सी. केलं, कालिन्याला जाऊन-येऊन एम.एस्सी. केलं आणि मग पाच वर्षं ऐरोलीत एका विमा कंपनीत मृत्यूचे तक्ते सांभाळले. अमुक वयाची इतकी माणसं पुढच्या वर्षी जातील, तमुक वयाची तितकी. आता मी माणसं किती पिढ्या मागे गेल्यावर एकाच पूर्वजापाशी येऊन मिळतात याचे हिशेब करते. "सगळ्यांची तेरावी घालून झाली, आता बारशाला निघालीस," असं आई म्हणते.

संख्याशास्त्राची किंवा प्राणिशास्त्राची मुलं अधूनमधून फोन करून विचारतात, पॉप्युलेशन जेनेटिक्समध्ये, म्हणजे लोकसमूहांच्या जनुकांच्या अभ्यासात, यायचं तर सुरुवात कुठून करू? फोनवर जे सांगते तेच इथे लिहिते आहे. पुस्तकांची यादी देणार नाही. ती कुठेही मिळते. मी कुठे अडखळले आणि कशाने सुटले, एवढंच.

पहिली अडचण गणिताची नव्हती. दिशेची होती.

आजोबांकडे आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे. लाल कापडी बांधणी, एक कोपरा कसरीने खाल्लेला. वर मूळ पुरुष, त्याखाली तीन मुलगे, त्यांचे मुलगे, असं करत करत खाली आमचे बाबा. मध्येच कुठल्यातरी नावापुढे कंसात 'निर्वंश'. मुलींची नावं जवळजवळ नाहीतच, फार तर 'कन्या २'. लहानपणी मी हे पुस्तक गोष्टीसारखं वाचायचे, म्हणजे वरून खाली. वंश म्हटला की तो मागून पुढे येणार, हे डोक्यात इतकं पक्कं होतं की पुढे शिकलेलं सगळं मी त्याच दिशेने समजून घ्यायला बघत होते.

त्या दिशेचं गणितही आहे, आणि ते जुनं आहे. आडनावं नामशेष का होतात, हा प्रश्न फ्रान्सिस गॉल्टनने घातला आणि हेन्री वॉटसनसोबत १८७४मध्ये त्यावर लेख लिहिला. दर पुरुषामागे सरासरी बरोबर एक मुलगा धरला, कुणाला शून्य, कुणाला दोन, कुणाला तीन, तर एका माणसापासून सुरू झालेलं आडनाव कधी ना कधी बुडणारच. शक्यता शंभर टक्के. सरासरी एक असूनही! विम्याचे तक्ते करणाऱ्या माणसाला हे आवडतंच, मलाही आवडलं. पण आज जिवंत असलेल्या माणसांचा डीएनए हातात घेऊन मागे जायचं असेल तर हा रस्ता भयंकर लांबचा. बुडालेल्या हजारो फांद्यांचा हिशेब ठेवायचा आणि शेवटी त्या फेकून द्यायच्या.

उलटा रस्ता साध्या प्रश्नाने सुरू होतो. मुलं किती झाली हे विचारू नका. आई-बाप कोण हे विचारा. मुलं शून्य असू शकतात, दहा असू शकतात. पण जनुकाच्या प्रत्येक प्रतीला मागच्या पिढीत पालक-प्रत असते, आणि ती एकच असते. राइट आणि फिशर या दोन शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखलं जाणारं प्रारूप म्हणजे जवळपास एवढंच: लोकसंख्या ठरावीक, आणि या पिढीतली प्रत्येक प्रत मागच्या पिढीतून आपला पालक डोळे मिटून निवडते. दोघांनी एकच निवडला तरी चालतं. फिशरचं पुस्तक १९३०चं, राइटचा मोठा लेख १९३१चा. वाचायला दोन्ही जड. पहिल्या वर्षी त्यांच्या वाटेला जाऊ नका.

त्याऐवजी चिठ्ठ्या करा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. माझ्या डोक्यातली दिशा फिरली ती कुठल्याही व्याख्यानाने नाही, एका पावसाळी रविवारी नौपाड्यातल्या घरी स्टीलच्या डब्यात आठ चिठ्ठ्या टाकून भाच्याबरोबर खेळल्याने. मोठ्या कागदावर तळाशी आठ ठिपके, म्हणजे आज जिवंत असलेल्या आठ प्रती. त्यांच्या वर आणखी आठ, म्हणजे मागची पिढी. तळाच्या प्रत्येक ठिपक्यासाठी एक चिठ्ठी काढायची, निघालेल्या आकड्याच्या वरच्या ठिपक्याला रेघ जोडायची, आणि चिठ्ठी परत डब्यात टाकायची. ती परत टाकायला सगळे विसरतात. विसरलात तर प्रत्येकाला बरोबर एकच मूल होतं आणि काहीच घडत नाही; आठ समांतर वंश कागद संपेपर्यंत चालत राहतात.

"मावशी, या तिघांना कोणी घेतलंच नाही," भाचा म्हणाला.

"निर्वंश," मी म्हणाले, आणि मलाच ऐकू आलं की मी काय म्हणाले ते.

आठ प्रतींच्या खेळात दर ओळीतले सरासरी पावणेतीन ठिपके असे कोरडे राहतात. लोकसंख्या मोठी केली तर साधारण ३७ टक्के. म्हणजे कुलवृत्तांतातले ते कंस अपवाद नव्हेत. दर पिढीला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त प्रतींच्या वाट्याला ते येतं. खालून वर जाताना मात्र ते ठिपके लागतच नाहीत. रेषा फक्त एकत्र येत जातात. दोन रेषांची गाठ पडली की पुढे एकच रेष. आम्ही चार वेळा खेळलो. एकदा नवव्या ओळीत सगळे एक झाले. एकदा पंचवीस ओळींचा कागद संपला तरी दोन रेषा हट्टाने वेगळ्याच चालल्या होत्या. भाच्याला वाटलं आपण चुकलो. चुकलो नव्हतो, त्या दोन हट्टी रेषांचा विषय पुढे येतोच.

आता गणित, पण थोडंच. दोन प्रती मागच्याच पिढीत एका पालकापाशी भेटण्याची शक्यता किती? पहिलीने कुणाचीही निवड करू दे, दुसरीने नेमकं तेच घेण्याची शक्यता एक भागिले एकूण प्रती. माणसं 'क' असतील तर प्रत्येकाकडे दोन प्रती, म्हणून एकूण २क. आमच्या डब्यात आठ, म्हणून एक अष्टमांश. याच पिढीत नाही भेटल्या तर आणखी मागे, पुन्हा तीच शक्यता. ल्युडोत सहा पडायची वाट बघण्यासारखं. दहा वेळा पडला नाही म्हणून अकराव्यांदा "आता पडणारच" असं आमची आजी म्हणायची. फाशाला मागचं काही आठवत नसतं. सरासरी वाट २क पिढ्या. पण सरासरीच्या आसपास फार थोडे खेळ येतात. बरेच लवकर उरकतात आणि काही भलतेच लांबतात.

रेषा दोनऐवजी जास्त असतील तर जोड्या मोजायच्या. एका खोलीत २३ माणसं जमली की दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते, हे कोडं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. माणसं २३, पण जोड्या २५३, म्हणून. तेच इथे. रेषा भरपूर असताना जोड्या ढिगाने असतात, गाठी भराभर पडतात. रेषा कमी होत जातात तशी गती मंदावते. शेवटी दोन रेषा, एकच जोडी, आणि ती जोडी पूर्ण सरासरी २क पिढ्या वाट बघायला लावते. जॉन किंगमन या गणितीने १९८२मध्ये हे सगळं काटेकोर मांडलं. रिचर्ड हडसन आणि फुमिओ ताजिमा १९८३मध्ये आपापल्या वाटेने तिथेच पोचले. या प्रारूपाला कोअलेसंट म्हणतात. मराठी प्रतिशब्द मला पटलेला नाही. मी 'गाठीचं झाड' म्हणते, ऑफिसात सगळे कोअलेसंटच म्हणतात.

इथपर्यंत येऊनही मी सपशेल तोंडावर आपटले. ती गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण संख्याशास्त्राकडून येणारे सगळे याच दगडाला ठेचकाळतात.

विम्यात पाच वर्षं काढली की एक गोष्ट हाडीमाशी खिळते: माणसं वाढवा, चूक कमी होते. चौपट माणसं, निम्मी चूक. नव्या नोकरीतलं माझं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे कोकणातल्या एका समाजातल्या १२० जणांच्या मायटोकाँड्रियल डीएनएवरून त्यांची सामाईक आद्यमाता किती मागे हे काढणं. मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचा, डीएनए फक्त आईकडून येतो, १६,५६९ अक्षरांचा असतो, त्यामुळे नवशिक्याला सोपा. मी आकडा काढला. मग त्यातली चूक किती हे बघायला १२० माणसांतून पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या काढून हजार वेळा तोच हिशेब केला, म्हणजे बूटस्ट्रॅप. चूक अगदी बारीक आली. सादरीकरणात तो आकडा ठळक अक्षरांत टाकला.

"माणसं किती?" आमच्या गटप्रमुखांनी विचारलं.

"एकशेवीस, सर."

"आणि झाडं किती?"

मला क्षणभर वाटलं वनस्पतींचेही नमुने घ्यायचे होते की काय.

"अगं, एकशेवीस माणसं एकाच झाडाची पानं आहेत. पानं हजार वेळा मोजलीस. झाड एकदाच उगवलं."

मग त्यांनी फळ्यावर जो हिशेब केला तो मी अजूनही प्रत्येक नव्या माणसाला करायला लावते. १२० रेषांच्या ११९ गाठी. त्यांतल्या पहिल्या ११०, म्हणजे १२० रेषांवरून १० रेषांवर येणं, हे सरासरीने झाडाच्या उंचीतला जेमतेम नऊ टक्के वेळ घेतं. आणि शेवटच्या एका गाठीला, दोन रेषांची एक व्हायला, निम्म्याहून किंचित जास्त. झाड कसं दिसतं? खाली दाट झुडूप आणि वर दोन लांबच लांब काठ्या. माझी एकशेवीस माणसं त्या झुडपात गर्दी करून उभी. त्या दोन काठ्यांच्या लांबीबद्दल एकविसावं माणूस विसाव्यापेक्षा काय वेगळं सांगणार? सगळ्यांचा निरोप त्याच दोन काठ्यांवरून आलेला.

अजून एक हिशेब आहे, आणि तो मला आजही जादूसारखा वाटतो. मोठ्या लोकसंख्येतून फक्त २० प्रती उचलल्या तर त्या विसांचा सामाईक पूर्वज हाच सगळ्या लोकसंख्येचाही सामाईक पूर्वज असण्याची शक्यता १९ भागिले २१, म्हणजे सुमारे ९० टक्के. दहा उचलल्या तरी ९ भागिले ११, सुमारे ८२ टक्के. विसानंतरचे पैसे तुम्ही मुळाला देत नाही, डहाळ्यांना देता. आणि झाडाची उंची एका नशिबापासून दुसऱ्या नशिबापर्यंत किती हलते? नमुने कितीही घ्या, तिचं प्रमाण विचलन सरासरीच्या निम्म्याहून जास्तच राहतं. माझी बारीक चूक म्हणजे शुद्ध भ्रम होता. एकाच फाशाच्या एकाच फेकीचे मी एकशेवीस फोटो काढले होते आणि फोटो एकमेकांशी जुळतात म्हणून खूश झाले होते.

एक गोष्ट मात्र इथे नीट ऐका, नाहीतर उलट्या टोकाला जाल. झुडपातलंच काही शोधायचं असेल, म्हणजे अलीकडची लोकसंख्यावाढ, गेल्या काही पिढ्यांतले दुर्मीळ बदल, तर माणसं हवीतच आणि भरपूर हवीत. प्रश्न झाडाच्या कुठल्या भागाबद्दल आहे ते आधी ठरवायचं.

याच संदर्भात 'मायटोकाँड्रियल ईव्ह'. रेबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन यांच्या १९८७च्या लेखाने सगळ्या माणसांची मातृरेषेतली सामाईक पूर्वज सुमारे दोन लाख वर्षं मागे ठेवली आणि वर्तमानपत्रांनी तिला आदिमाता करून टाकलं. ती तेव्हाची एकटी बाई नव्हती. तिच्या अवतीभवती कितीतरी बायका होत्या. त्यांच्या लेकींची रेष कुठेतरी तुटली, एवढंच. त्यांचा बाकीचा डीएनए मुलग्यांमार्फत तुमच्या-माझ्यात असू शकतो. आमच्या कुलवृत्तांतातला मूळ पुरुषही तसाच. गावात तेव्हा काही तो एकटा राहत नव्हता.

झाडावर म्युटेशन, म्हणजे डीएनएतले अक्षरबदल, कशी बसतात हा भाग तुलनेने सोपा, निदान विमावाल्यांना. फांदीवर ठरावीक दराने, एकमेकांशी संबंध न ठेवता शिंतोडे उडतात: पॉयसाँ प्रक्रिया. फांदी जितकी लांब तितके शिंतोडे जास्त. शिंतोडा कुठल्या फांदीवर पडला यावर तो किती पानांत दिसणार ते ठरतं. म्युटेशनमुळे मुलांच्या संख्येत फरक पडत नाही असं धरलं की आधी झाड काढायचं आणि मग त्यावर शिंतोडे उडवायचे, हे दोन वेगळे टप्पे होतात. सगळी सोय या एका गृहीतात आहे, आणि मोटू किमुराने १९६८मध्ये मांडलेल्या तटस्थतेच्या सिद्धांताशी ते जोडलेलं आहे. नैसर्गिक निवड जोरात चालू असेल तर हा डोलारा कोसळतो, हे विसरू नका.

दोन प्रतींमध्ये सरासरी फरक किती? दोघींपासून गाठीपर्यंत सरासरी २क पिढ्या, दोन फांद्या, म्हणून ४क गुणिले म्युटेशनचा दर. यालाच थीटा म्हणतात, आणि या क्षेत्रात ते अक्षर रोज भेटतं. आता कागद घ्या. माणसाच्या दोन प्रतींत साधारण हजार अक्षरांमागे एक फरक असतो. म्युटेशनचा दर दर अक्षरामागे, दर पिढीला, १० कोटींत सुमारे सव्वा. भागाकार करा. 'क' येतो वीस हजार. आठशे कोटींच्या माणूसजातीची 'परिणामकारक' संख्या घोडबंदर रोडवरच्या दोन-चार संकुलांत मावेल एवढी! पहिल्यांदा मी हा भागाकार तीनदा तपासला. याचा अर्थ कधीकाळी वीस हजारच माणसं होती असा नाही. परिणामकारक संख्या ही प्रत्येक पिढीतल्या लोकसंख्येची हरात्मक सरासरी (आकडे उलटे करून काढलेली सरासरी पुन्हा उलटी केलेली) असते, आणि हरात्मक सरासरी वाईट दिवसांना विसरत नाही. नऊ पिढ्या दहा हजारांच्या आणि मधली एकच शंभरांची असेल तर सरासरी पाच हजारही नाही, नऊ हजारही नाही, फक्त ९१७.

वॉटरसनचा थीटा काढायचा १९७५चा अंदाजक, ताजिमाची १९८९ची चाचणी, यूएन्सचं १९७२चं सूत्र, हे सगळं ओघाने येईल. गाठीचं झाड एकदा डोळ्यांसमोर आलं की ते पाठ करावं लागत नाही. वॉटरसनच्या सूत्रातली एक अधिक एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश ही मालिका म्हणजे झाडाच्या सगळ्या फांद्यांची मिळून लांबी. १० नमुन्यांना ती २.८३, १०० नमुन्यांना ५.१८. नमुने दहापट, फांद्या दुप्पटसुद्धा नाहीत. पुन्हा तेच दुखणं.

मग करायचं काय? झाडं वाढवायची. आणि इथे मला आपल्याकडचा एक माणूस भेटला.

मायटोकाँड्रियाची अक्षरं सगळी एका दोरीत येतात, म्हणून तिथे झाड एकच. बाकीच्या गुणसूत्रांचं तसं नाही. आईकडून येणारं गुणसूत्र म्हणजे आजी आणि आजोबांच्या तुकड्यांची गोधडी. मागे जाताना या तुकड्याचा पूर्वज एक, शेजारच्याचा दुसरा. पुरेशा अंतरावरच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचं झाड, म्हणजे स्वतंत्र फेक. दहा पिढ्या मागे तुमचे कागदोपत्री १,०२४ पूर्वज भरतात, पण त्यांतल्या कित्येकांकडून तुम्हाला डीएनएचा एक तुकडाही आलेला नसतो. त्या तुकड्यांमधलं अंतर मोजायचं एक सूत्र या विषयात जगभर वापरतात, त्याचं नाव 'कोसंबी'. होय, तेच. धर्मानंदांचे चिरंजीव, इतिहासकार म्हणून आपल्याला माहीत असलेले दामोदर कोसंबी. गुणसूत्रावर एका जागी सांधा तुटून जुळला की लगेच शेजारी दुसरा सांधा पडणं कमी होतं, ही गोष्ट त्यांनी १९४४च्या लेखात धरली. ब्रिटिश शास्त्रज्ञ हॅल्डेन यांच्या १९१९च्या सूत्रात ती नव्हती. दोन खुणा २० टक्के वेळा वेगळ्या होत असतील तर हॅल्डेनच्या हिशेबाने अंतर साडेपंचवीस एकक, कोसंबींच्या हिशेबाने एकवीसच्या थोडं वर. पुढे मुंबईतल्या टीआयएफआर या संशोधनसंस्थेत असताना ते पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करत. म्हणजे गाडी आमच्या ठाणे स्टेशनातूनच जायची. ट्रान्स हार्बरची वाट बघताना हे मला उगाचच आठवतं.

ठाण्यातच बसून करता येणारा दुसरा एक विचार. टेंभी नाक्याजवळ बेने इस्राएल समाजाचं १८७९चं सिनेगॉग आहे. मराठी बोलणारा, गावावरून 'कर' लावणारा हा समाज. कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या परंपरेत अशी कथा आहे की अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. पॉप्युलेशन जेनेटिक्सवाल्याच्या कानाला ही कथा म्हणजे थेट गृहीतक: बायका सात, म्हणून त्या पिढीपर्यंत पोचलेल्या मातृरेषा जास्तीत जास्त सात. २०१६मध्ये या समाजाच्या जनुकीय अभ्यासाचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात ज्यू आणि भारतीय दोन्ही वारसा भरघोस दिसला. मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांमागचं, ज्यू बाजूकडून पुरुष जास्त आणि स्थानिक बाजूकडून बायका जास्त, आणि त्यानंतर लोकसंख्या आकसल्याची खूण. यावरून "जहाज १९ ते ३३ पिढ्यांमागे फुटलं" असं कोणी लिहिलं तर त्याला थांबवा. मिश्रणाचा काळ म्हणजे येण्याचा काळ नव्हे. आणि समाजातल्या माणसांशी बोलताना त्यांची कथा खोटी पाडायला आल्यासारखं बोलू नका. तुमच्या प्रारूपाला तेवढं बोलता येतच नाही. हे काम नुसत्या कुतूहलाचंही नाही. २०१७च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ गटांपैकी ८१ गटांत संस्थापक-परिणाम फिनलंडचे लोक किंवा अश्केनाझी ज्यू यांच्याहूनही तीव्र दिसला. गट मोठा, पण मूळ माणसं थोडी आणि लग्नं आतल्या आत, म्हणून अप्रभावी, म्हणजे आई-बाप दोघांकडून सदोष प्रत आली तरच होणाऱ्या, रोगांचा धोका जास्त. डॉक्टरांना उपयोग होतो तो इथे.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. पायथनमधलं एमएसप्राइम हे मोफत पॅकेज घ्या. साध्या लॅपटॉपवर झाडं क्षणात उगवतात. पण चिठ्ठ्यांचा खेळ आधी, पॅकेज नंतर. आणि दोनच्या गुणकापासून सावध. नव्या आवृत्तीत दहा नमुने मागितले की ती दहा माणसं समजते आणि वीस प्रती देते. कुणाचा काळ २क पिढ्यांच्या एककात, हडसनच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये ४कच्या. माझा एक पूर्ण आठवडा फक्त या दोनाने खाल्ला, आणि मी शोधत होते सिद्धांतातली चूक. आता कुठलाही प्रोग्रॅम हातात आला की आधी दोन प्रतींची गाठ दहा हजार वेळा पाडून बघते, सरासरी ठरलेली येते का. नाही आली की दोनचा गुणक कुठे लपलाय ते शोधायचं.

तयारी किती लागते? घातीय वितरण, पॉयसाँ, अनेक घातीय घड्याळांतलं आधी कुठलं वाजतं तो हिशेब, मार्कोव्ह साखळी. बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षात हे सगळं येतं. प्राणिशास्त्रवाल्यांना चार-सहा महिने घालवावे लागतील. पण ते आमच्यापेक्षा एका बाबतीत पुढे असतात, त्यांना गृहीतकावर संशय घेता येतो. आम्हाला सूत्र दिसलं की आम्ही आकडे घालायला धावतो. पीएच.डी. करायची तर टीआयएफआरची जीवशास्त्र आणि आंतरविद्याशाखांसाठीची जीजीबिल्स परीक्षा, नेट, गेट हे रस्ते आहेत. हैदराबादचं सीसीएमबी, कोलकात्याचं आयएसआय, बंगळूरचं एनसीबीएस या संशोधनसंस्थांची नावं कानावर पडतीलच. हॅल्डेन स्वतः १९५७मध्ये आयएसआयला येऊन राहिले होते. फक्त माणसांच्या वंशावर अडून बसू नका. विषाणूंच्या साथीतले नमुने, ट्यूमरमधल्या कर्करोगपेशी, यांचीही झाडंच असतात. आपल्या नवी मुंबईत खारघरला अॅक्ट्रेकसारखी कर्करोग संशोधनाची संस्था आहे, तिथली जाहीर व्याख्यानं असली तर जाऊन मागे बसा. पगाराचं विचाराल तर विम्यात जास्त होता. मी रडत नाही, फक्त सांगून ठेवते.

गेल्या वर्षीपासून मुलाखती घ्यायला मलाही बसवतात. मी एकच प्रश्न विचारते. तुमच्याकडे एका समाजातल्या शंभर जणांचा मायटोकाँड्रियल डीएनए आहे, आद्यमातेचा काळ काढायचा आहे, आणि आणखी शंभर जणांपुरते पैसे मंजूर झालेत. काय कराल? बहुतेक जण लगेच दोनशे जणांचा तक्ता मांडायला लागतात, चूक वर्गमुळाने कमी करून दाखवतात. मी पाणी पिते, कारण मला मीच दिसते. जूनमध्ये कळव्याची एक मुलगी आली होती. तिने कागदावर काहीतरी रेघोट्या मारल्या, थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मॅडम, पैसे नवीन माणसांवरच खर्च करायचे असं आहे का? की याच माणसांतल्या दहा-बारा जणांची बाकीची गुणसूत्रं वाचली तर चालेल?"

"काळ आद्यमातेचाच हवा असेल तर?" मी मुद्दामच विचारलं.

"मग तो एवढ्यात नेमका मिळणार नाही," ती म्हणाली. "पण लोकसंख्या किती होती ते तरी कळेल."

ती सोमवारपासून येते आहे.